पाऊस शून्य, की नोंदच नाही? ॲरे तयार करतानाची पहिली ओळ

२७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांत सांताक्रुझच्या केंद्रावर ९४४.२ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३.४ मिमी. शहर एकच, दिवस एकच, आकडे असे.

समजा, त्या पावसाळ्याचा हिशेब तुम्हाला प्रोग्रॅम लिहून करायचा आहे. १ जून ते ३० सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस, आणि केंद्रं दोन. बहुतेक जण पहिली ओळ हात वळेल तशी लिहून टाकतात: १२२ घरांचा ॲरे (आकड्यांची सलग रांग) बनवा, सगळीकडे शून्य भरा. डोकं चालतं ते पुढे, लूप (तेच काम फेऱ्या मारत करणारा कोड) आणि आलेख आले की. पण त्या पहिल्या ओळीत तीन गोष्टी ठरून गेलेल्या असतात: जागा किती, तिच्यात कोणत्या प्रकारचे आकडे बसणार, आणि खरी नोंद येईपर्यंत तिथे काय असणार. पहिली चुकली तर प्रोग्रॅम रेंगाळतो, आणि रेंगाळणारा प्रोग्रॅम सगळ्यांच्या लक्षात येतो. उरलेल्या दोन चुकल्या तर उत्तर चुकतं आणि तरीही अगदी शहाण्यासारखं दिसतं. इंटरनेटवर या विषयावर जे मिळतं त्यातलं बरंचसं वेगाबद्दल असतं. मला वेगापेक्षा दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते. तरी सुरुवात वेगापासूनच करू, कारण त्याशिवाय मेमरीत काय घडतं ते कळत नाही.

सलग जागेचा मामला

ॲरे म्हणजे मेमरीतली सलग जागा. डबल प्रिसिजन या नेहमीच्या प्रकारातला एक दशांश आकडा ८ बाइट घेतो, म्हणून १२२ आकड्यांना ९७६ बाइट, एकाला एक लागून. ॲरेचा सगळा वेग या सलगपणात आहे. २७ जुलै हा हंगामाचा ५७ वा दिवस (जूनचे ३० आणि जुलैचे २७). तो आकडा हवा असेल तर सुरुवातीपासून ५६ गुणिले ८ बाइट पुढे जायचं, की आकडा हातात. शोधाशोध नाही. पायथन आणि सी या भाषांमध्ये मोजणी शून्यापासून, म्हणून तिथे त्याचा क्रमांक ५६. मॅटलॅब, ज्युलिया आणि सहसा फोर्ट्रानमध्येही ५७. एका घराची ही गल्लत किती जणांनी केली असेल याची गणतीच नको.

आता या सलग जागेत एक आकडा वाढवायचा आहे. दादरच्या शिवाजी मंदिरात नाटकाला निघालेली मंडळी डोळ्यांसमोर आणा. अट एकच, सगळ्यांनी शेजारी शेजारी बसायचं. चौघं बसले, पाचवा आला, आणि शेजारची खुर्ची दुसऱ्याच कुणाची. मग चौघांनी उठायचं, पाच सलग रिकाम्या खुर्च्या शोधायच्या, पिशव्या उचलून तिकडे जायचं. सहावा आला की पुन्हा तेच. लूपमध्ये ॲरेला एकेक घर जोडत जाणारा कोड दर फेरीला हीच उठाठेव करतो: नवी जागा मागायची, जुने सगळे आकडे तिथे कॉपी करायचे, शेवटी नवा एक ठेवायचा, जुनी जागा सोडायची. आम्ही १२२ जण आहोत हे आधी सांगून तिकिटं काढली असती, तर एकदाच बसून झालं असतं. आधीच जागा राखणं ते एवढंच.

याची किंमत किती ते हिशेब केल्याशिवाय पटत नाही. तासाला एक नोंद धरली तर वर्षाला ८,७६० आकडे. दुसरा आकडा जोडताना १ कॉपी, तिसरा जोडताना २, असं करत शेवटच्या वेळी ८,७५९. सगळ्यांची बेरीज ३ कोटी ८३ लाखांच्या वर. आजच्या लॅपटॉपला याचं काही वाटत नाही; चहाचा कप उचलेपर्यंत काम होतं. म्हणून कोड ‘चालतो’ असा शिक्का बसतो. मग कुणीतरी मिनिटामिनिटाच्या नोंदी घेऊन येतं. वर्षाला ५,२५,६०० आकडे. डेटा ६० पट झाला, पण कॉप्या ३,६०० पट: १३,८१२ कोटींहून जास्त. प्रत्येकी ८ बाइट धरले तर साधारण १.१ टेराबाइट इकडून तिकडे हलवले गेले, आणि शेवटी हातात आलेल्या ॲरेचा आकार फक्त ४२ लाख बाइट. कालपर्यंत बरा चाललेला प्रोग्रॅम आज अडकला का, याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं.

पायथनवाल्यांची यात एक खास फसगत होते. पायथनच्या साध्या लिस्टचं ‘अपेंड’ (शेवटी जोडणं) आणि नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचं ‘अपेंड’ यांचं फक्त नाव सारखं आहे. लिस्ट मागितल्यापेक्षा थोडी जास्त जागा घेऊन ठेवते, त्यामुळे बहुतेक वेळा नवा सदस्य नुसता जाऊन बसतो. नमपायचं अपेंड दर वेळी पूर्ण नवा ॲरे बनवतं. ‘लिस्टला अपेंड करतो तसंच’ म्हणून ते लूपमध्ये वापरणं म्हणजे वरचा १.१ टेराबाइटवाला हिशेब ओढवून घेणं. मॅटलॅबमध्ये ॲरेच्या बाहेरच्या घरात काही लिहिलं की तो आपोआप वाढतो. त्याचा एडिटर बिचारा नारिंगी रेघ मारून सांगत असतो की हा ॲरे दर फेरीला आकार बदलतोय. त्या रेघेकडे बघणारे थोडे.

संख्या आधी माहीत नसेल तर? फाइलमध्ये किती ओळी आहेत ते वाचून संपेपर्यंत कळत नाही, असं सर्रास घडतं. पायथनमध्ये उपाय सोपा आहे: लिस्टमध्ये गोळा करा आणि शेवटी एकदाच ॲरेमध्ये बदला. इतर ठिकाणी दुपटीची युक्ती चालते. १,०२४ घरं घ्या, भरली की २,०४८ घ्या आणि कॉपी करा, मग ४,०९६. मिनिटांच्या त्याच ५,२५,६०० नोंदींसाठी या पद्धतीत एकूण कॉप्या होतात १०,४७,५५२. कुठे साडेदहा लाख आणि कुठे पावणेचौदा हजार कोटी. काम संपल्यावर वापरली न गेलेली शेपटी कापायची तेवढी आठवण ठेवायची, नाहीतर सरासरीत रिकामी घरंही मोजली जातात.

सी++ च्या व्हेक्टरमध्ये (वाढू शकणाऱ्या ॲरेमध्ये) ‘रिझर्व्ह’ आणि ‘रिसाइझ’ असे दोन प्रकार आहेत, आणि त्यांची अदलाबदल नेहमीची. रिझर्व्ह फक्त जागा राखतं, व्हेक्टरची लांबी शून्यच राहते. रिसाइझ खरोखरच १२२ शून्यं भरून ठेवतं. रिसाइझ करून वर ‘पुश बॅक’ने (शेवटी जोडणाऱ्या फंक्शनने) नोंदी टाकल्या, तर २४४ लांबीचा व्हेक्टर मिळतो: आधी १२२ शून्यं, मग तुमचा पाऊस. मग जून-जुलै कोरडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला मुसळधार अशी मुंबई दिसायला लागते.

७३.४ चे ७३ कसे झाले

नमपायमध्ये नुसतं ‘झीरोज’ (शून्यांनी भरलेला ॲरे देणारं फंक्शन) मागितलं तर दशांश आकड्यांचा ॲरे मिळतो, तिथे धोका नाही. पण ‘फुल’ या फंक्शनला ‘१२२ घरं, प्रत्येकात ०’ असं सांगितलं, तर ते ० बघून पूर्णांकांचा ॲरे देतं. ‘झीरोज लाइक’ तर दुसऱ्या ॲरेकडे बघून त्याचाच प्रकार उचलतं. तो दुसरा ॲरे दिवसांच्या क्रमांकांचा असेल तर नवाही पूर्णांकांचाच. मग त्यात कुलाब्याचे ७३.४ लिहिले की ७३ राहतात. चूक नाही, सूचना नाही, काही नाही. एका नोंदीत ०.४ गेले तर कुणाला कळणार? पण भारतीय हवामान खातं २.५ मिमी किंवा जास्त पावसाच्या दिवसाला ‘पावसाचा दिवस’ मानतं. २.७ चे २ झाले की तो दिवस मोजणीतून गळतो. ०.९ चे तर ० होतात. हंगामाच्या बेरजेत काही मिलिमीटरची तूट येते आणि कुणीतरी उपकरणाला दोष देत बसतं.

ज्युलियाचं मला इथे कौतुक वाटतं. पूर्णांकांच्या ॲरेत ७३.४ घालायला गेलात तर ती सरळ थांबते आणि चूक दाखवते. मॅटलॅब जवळच्या पूर्णांकाला नेतं, आणि आकडा मावला नाही तर मर्यादेवर अडकवून ठेवतं: ० ते २५५ एवढंच मावणाऱ्या ८ बिटांच्या घरात ९४४ घातले तर २५५ राहतात. जुन्या नमपायमध्ये तेच ९४४ गोल फिरून १७६ व्हायचे. नव्या आवृत्तीत थेट असा आकडा लिहिला तर ती अडवते, पण दुसऱ्या पूर्णांक ॲरेतून रूपांतर करून आणला तर अजूनही मुकाट्याने १७६. त्या दिवसाचा १७६ मिमी पाऊस! मुंबईत हा आकडा कुणालाही खरा वाटेल, खोच तीच आहे.

मेमरी वाचवायला छोटा प्रकार घेणं मात्र नेहमीच वाईट नाही. हवामान खात्याच्या ०.२५ अंशाच्या जाळीवरच्या दैनंदिन पावसाच्या फायली घ्या. जाळी १३५ गुणिले १२९ बिंदूंची. शंभर वर्षांचा सगळा डेटा एकदम मेमरीत आणायचा तर डबलमध्ये सुमारे ५ जीबी लागतात, सिंगल प्रिसिजनमध्ये (आकड्याला ४ बाइट) अडीच. ८ जीबीच्या लॅपटॉपवर काम होणार की मशीन गोठणार, ते इथे ठरतं. नोंदी सिंगलमध्ये ठेवा, बेरजा डबलमध्ये करा. सिंगलमध्ये साधारण सात अंकांचीच खात्री असते. १,६७,७७,२१६ मध्ये १ मिळवला तर बेरीज तेवढीच राहते, हे एकदा स्वतः करून बघण्यासारखं आहे.

रिकामं घर रिकामं नसतं

मुंबई विद्यापीठातून इंजिनीअरिंग केलेल्या कुणालाही विचारा, व्हायवात ‘मॅलॉक आणि कॅलॉकमध्ये फरक काय’ हा प्रश्न ठरलेला (दोन्ही सीमधली मेमरी मागायची फंक्शनं). उत्तरही पाठ: मॅलॉकमध्ये गार्बेज व्हॅल्यू, कॅलॉकमध्ये शून्य. मार्क मिळतात, एक्स्टर्नल पुढे सरकतात, पण गार्बेज येतं कुठून हे कुणी सांगत नाही.

येतं ते बहुतेक वेळा तुमच्याच प्रोग्रॅममधून. ऑपरेटिंग सिस्टिम नव्या प्रोग्रॅमला मेमरी देते तेव्हा ती पुसून, शून्य करूनच देते. नाहीतर एका प्रोग्रॅमचे पासवर्ड दुसऱ्याला वाचता आले असते. म्हणून न भरलेला ॲरे पहिल्यांदा छापून बघितला तर सगळी शून्यं दिसण्याची शक्यता बरीच असते, आणि माणूस ठरवून टाकतो की ‘हे आपोआप शून्यच असतं’. पुढे प्रोग्रॅम चालत राहतो, ॲरे बनतात, सोडले जातात, आणि सोडलेली जागा पुढच्या मागणीला तशीच दिली जाते. नमपायही छोट्या ॲरेंच्या मोकळ्या झालेल्या जागा हाताशी ठेवते आणि त्याच मापाची मागणी आली की काढून देते. आपला ९७६ बाइटांचा ॲरे अशा छोट्यांतलाच. म्हणजे सांताक्रुझचा ॲरे वापरून सोडून दिला आणि कुलाब्यासाठी ‘एम्प्टी’ने (काही न भरता नुसती जागा देणाऱ्या फंक्शनने) नवा मागितला, तर आत सांताक्रुझचाच पाऊस सापडू शकतो. गार्बेज म्हटलं की आपल्याला विचित्र, भलेमोठे आकडे आठवतात. तसे आले तर नशीब चांगलं. वाईट गार्बेज असतं ते मुंबईच्या जुलैसारखं दिसणारं.

मग ‘एम्प्टी’ वापरायचंच नाही का? प्रत्येक घरात तुम्ही नक्की काहीतरी लिहिणार आहात, आणि वाचण्याआधी लिहिणार आहात, एवढी खात्री असेल तर वापरा. पण त्यातून वाचणारा वेळ बहुधा नगण्य असतो. मोठ्या ॲरेसाठी ‘झीरोज’ सुद्धा मेमरीची पुसलेली पानं (ठरावीक मापाचे तुकडे) मिळण्याच्या वरच्याच सोयीचा फायदा घेतं: लिनक्सवर ती पानं प्रत्यक्षात हात लागेपर्यंत दिलीच जात नाहीत. म्हणून घड्याळ लावून बघितलं तर काही जीबींचा ‘झीरोज’ चुटकीसरशी तयार झालेला दिसतो आणि खरा वेळ पहिल्यांदा लिहिताना जातो. अशी मोजमापं बघून निष्कर्ष काढणाऱ्यांनी जरा जपून.

शून्य म्हणजे एक विधान आहे

आता मूळ मुद्दा. पावसाच्या ॲरेत शून्य लिहिणं म्हणजे ‘त्या दिवशी पाऊस पडला नाही’ असं म्हणणं. तुम्ही मात्र पहिल्या ओळीत, एकही नोंद वाचायच्या आधी, १२२ दिवसांबद्दल हे विधान करून मोकळे झालात. पुढे लूप प्रत्येक घरात खरी नोंद लिहीत गेला तर विधान पुसलं जातं. एखादा दिवस फाइलमध्ये नसेल, तारखेचा फॉर्मॅट बिघडलेला असेल, एखादी ‘जर’ची अट ती फेरी टाळून गेली असेल, तर विधान तसंच राहतं. मुंबईत ऐन पावसाळ्यातही कोरडे दिवस असतात, त्यामुळे बघणाऱ्याला शंका येत नाही.

आधीच जागा राखण्याची ही दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. एकेक जोडत जाणारा हळू कोड निदान प्रामाणिक असतो: तीन नोंदी हुकल्या तर ॲरे ११९ लांबीचा होतो, आलेख काढताना लांब्या जुळत नाहीत आणि प्रोग्रॅम ओरडतो. जागा आधी राखली की लांबी कायम १२२. हुकलेल्या नोंदी आता ओरडत नाहीत, शून्य होऊन रांगेत बसतात. वेग मिळाला, पण एक फुकटची तपासणी गेली. ती परत आणायला हवी.

परत आणायचा मार्ग म्हणजे सुरुवातीला शून्याऐवजी ‘नॅन’ भरणं. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकापासून हा खास आकडा जवळपास प्रत्येक संगणकात आहे. अर्थ, ‘हा आकडा नाही’. त्याच्याशी बेरीज-गुणाकार काहीही केलं तरी उत्तर नॅनच येतं, त्यामुळे एक घर विसरलं तरी हंगामाची बेरीज नॅन होते आणि लपवता येत नाही. तो स्वतःशीही समान नसतो. म्हणून ‘नॅनशी समान आहे का’ असं विचारून तो सापडत नाही, त्यासाठी वेगळं फंक्शन असतं. लूप संपल्यावर उरलेले नॅन मोजायची एक ओळ लिहा. ० आले तर सगळी घरं भरली. ३ आले तर कोणते तीन दिवस ते बघा.

नॅन दिसले की लोकांचा हात लगेच ते टाळून बेरीज करणाऱ्या फंक्शनांकडे जातो. नमपायमध्ये ‘नॅनसम’ आहे. त्याचा एक विक्षिप्तपणा लक्षात ठेवा: सगळीच घरं नॅन असतील तर त्याचं उत्तर ० येतं. म्हणजे महिनाभर पर्जन्यमापक बंद असेल तर त्या महिन्याचा पाऊस शून्य. एवढा खटाटोप करून पुन्हा तिथेच! ‘नॅनमीन’ अशा वेळी नॅनच देतं आणि इशाराही देतं. बेरजेच्या आधी भरलेल्या दिवसांची संख्या तपासणं हाच त्यावरचा इलाज.

पूर्णांकांच्या ॲरेत नॅन बसत नाही, तिथे अशक्य वाटणारा आकडा ठेवायची जुनी रीत आहे. हवामान खात्याच्या त्या जाळीच्या फायलींत नोंद नसलेल्या बिंदूंवर -९९९ असतं. ठीक आहे, पण तो आकडा बेरजेत मिसळतो, सरासरीत मिसळतो. दहा दिवसांच्या नोंदी नसतील तर हंगामातून ९,९९० मिमी वजा होतात. हे निदान चटकन दिसतं, कारण उत्तर ऋण येतं. देशभराच्या सरासरीत असे थोडेच बिंदू राहिले तर तेवढं स्पष्ट दिसत नाही. फाइल वाचली की पहिल्याच फटक्यात -९९९ चे नॅन करून टाकावेत.

मात्र बेरीज साठवायच्या ॲरेत शून्यच हवं. तिथे नॅनने सुरुवात केली तर काहीच मिळणार नाही. गुणाकार साठवायचा तर १. सगळ्यात मोठा आकडा शोधायचा असेल तेव्हा लोक सवयीने ० पासून सुरुवात करतात, आणि पावसाला ते चालतं कारण पाऊस ऋण नसतो. तापमानाला मुंबईत चालतं, द्रासच्या जानेवारीत चालत नाही: सगळी तापमानं शून्याखाली असली तरी उत्तर ० येतं. किमान तापमान शोधताना मुंबईतही फसतं. मुंबईत पारा कधी शून्याला गेलेला नाही, पण ० पासून सुरुवात केली तर प्रोग्रॅम सांगतो की गेला होता. पहिली खरी नोंद घेऊन सुरुवात करा, किंवा कमाल शोधताना ऋण अनंत आणि किमान शोधताना धन अनंत.

जिथे आजचा आकडा कालच्यावर अवलंबून असतो, तिथे पहिलं घर ही माहितीच असते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची एकूण साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. पावसाळ्यात वर्तमानपत्रं हा आकडा रोज छापतात. समजा, वर्षभराचा साठा मांडायचा: आजचा साठा म्हणजे कालचा साठा अधिक आलेलं पाणी वजा दिलेलं पाणी. शून्यांचा ॲरे बनवला आणि १ जूनचा खरा साठा पहिल्या घरात लिहायचा राहिला, तर मुंबईने कोरड्या तलावांनिशी जूनमध्ये प्रवेश केला असं गृहीत धरलं जातं. शिवाय ३६५ दिवसांच्या हिशेबाला घरं ३६६ लागतात, कारण सुरुवातीचा साठा वेगळा. घरं ३६६ आणि लूप एक फेरी आधी थांबला, तर आलेखाची रेघ शेवटच्या दिवशी थेट जमिनीला टेकते. सिम्युलेशन करणाऱ्या प्रत्येकाने ती रेघ पाहिलेली असते. नॅनने सुरुवात केली असती तर रेघ तिथे नुसती संपली असती.

आकार आणि जुळी नावं

मॅटलॅबमध्ये ‘झीरोज’ला एकच आकडा दिला तर तो लांबी समजत नाही, चौरस बनवतो. ८,७६० दिलेत तर ८,७६० गुणिले ८,७६०, म्हणजे सुमारे ६१४ एमबी. हवे होते ७० केबी. ओळ हवी की स्तंभ ते दोन आकडे देऊन सांगायचं. नमपायमध्ये अशीच गंमत वजाबाकीत होते: एक ॲरे नुसता ८,७६० लांबीचा, दुसरा ८,७६० ओळी आणि एक स्तंभ असा, दोघांची वजाबाकी केली की चूक न दाखवता तोच ६१४ एमबीचा चौरस. जागा राखताना दोन्हींचा आकार सारखाच ठेवला तर हे टळतं.

एका ओळीत दोन ॲरे बनवायचा मोह आणखी वाईट. ‘कुलाबा बरोबर सांताक्रुझ बरोबर झीरोज १२२’ असं पायथनमध्ये लिहिलं तर ॲरे एकच बनतो, नावं दोन लागतात. सांताक्रुझमध्ये ९४४.२ लिहिले की कुलाबाही ९४४.२ दाखवतो. २४ शून्यांची लिस्ट दुसऱ्या लिस्टमध्ये ठेवून आणि त्या बाहेरच्या लिस्टला १२२ ने गुणून तक्ता बनवला तर १२२ ओळी दिसतात, पण सगळ्या एकच लिस्ट असतात. एका दिवसाचा तास बदलला की सगळे दिवस बदलतात. ज्युलियाच्या ‘फिल’मध्ये ॲरे दिला तरी तेच. दोन वेगळ्या ओळी लिहायला काही पैसे पडत नाहीत.

ॲरे एकदाच बनवून प्रत्येक केंद्रासाठी पुन्हा वापरणं चांगलंच आहे, फक्त मध्ये पुसायला हवा. विसरलात तर पहिल्या केंद्राचं उत्तर बरोबर येतं आणि दुसऱ्यापासून आधीच्यांची बेरीज चढत जाते. चाचणी एकाच केंद्रावर केली असेल तर कळायला मार्गच नाही. फोर्ट्रानमध्ये तर भाषाच खोडी काढते: सबरूटीनमध्ये (पुन्हा पुन्हा बोलावता येणाऱ्या भागात) चल जाहीर करतानाच त्याला ० दिलं, तर ते फक्त अगदी सुरुवातीला एकदा दिलं जातं. पुढच्या प्रत्येक कॉलला जुनी किंमत तशीच शिल्लक असते. जाहीर करणं एका ओळीत आणि शून्य करणं खालच्या वेगळ्या ओळीत, हे तिथे पाळावंच लागतं. न भरलेली घरं पकडायला जीफोर्ट्रान या फोर्ट्रानच्या कंपायलरला दशांश चल सुरुवातीला नॅनने भरायला सांगता येतं, आणि सीसाठी व्हॅलग्राइंड हे तपासणीचं साधन आहे; ते प्रोग्रॅम बराच हळू चालवतं, पण न भरलेल्या घरावर कुठला निर्णय अवलंबून राहिला ते ओळीसकट दाखवतं.

हे सगळं प्रत्येक वीस घरांच्या ॲरेसाठी करत बसू नका. छोट्या, एकदाच चालणाऱ्या कामात लिस्टला जोडत गेलात तरी काही बिघडत नाही. आणि पुष्कळदा लूपच लागत नाही. १ जूनपासूनचा चढता पाऊस हवा असेल तर ‘कमसम’ला (चढती बेरीज देणाऱ्या फंक्शनला) नोंदींचा ॲरे द्या, योग्य लांबीची, योग्य प्रकारची जागा ते स्वतः घेतं आणि प्रत्येक घर भरूनच परत देतं. मधला एखादा दिवस नॅन असेल तर तिथून पुढचे सगळे दिवस नॅन येतील. तो दिवस नोंदवहीतून शोधून भरायचा, की तिथपर्यंतचाच आलेख दाखवायचा, ते मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल.